खोली क्रमांक तीन

रात्रीचे नऊ. सोहारमध्ये एसीचं पाणी ठिबकतंय.
बादली कपड्यांच्या स्टँडखाली सरकवून
मी वर्ग सुरू करते.
हळूहळू उगवतात चौकोन :
सात काळे, एकात नुसता पंखा,
एकात प्रफुल्लता खरात, नर्स, गणवेशातच,
लायसन्सच्या परीक्षेत तिसऱ्यांदा अडलेली
अर्ध्या गुणावर.
इकलाख हमदुले कॅमेरा लावत नाही.
कॅम्पात एका खोलीत सहा जण, मॅडम,
कोणी ना कोणी कपडे बदलत असतो.

आजचा पाठ : सिन्स आणि फॉर.
सिन्स म्हणजे खुंटी, जिथून मोजायला लागलो ती.
फॉर म्हणजे नुसती दोरीची लांबी.
इस्लामपूरला फळ्यावर मी दोरी काढायचे, वाकडी.
इथे प्लॅटफॉर्मच काढतो, निळी, टोकाला बाण,
आणि विचारतो : ही डॅश हिअर फॉर इलेव्हन इयर्स.
इकलाख 'लिव्ह्ड' दाबतो. लाल फुली.
मी सांगते, लिव्ह्ड म्हटलं की संपलं, माणूस निघून गेला.
हॅज लिव्ह्ड म्हणजे अजून आहे.
तो म्हणतो, कंपनीने व्हिसा गुरुवारपर्यंतच ठेवलाय, मॅडम,
मग बुधवारी काय लिहायचं?

चार पर्यायांत तसा पर्याय नव्हता.
मी 'पुढचा प्रश्न' दाबलं.

महिनाभर वर्गात एक नाव जास्तीचं आहे.
आफ्रीन, खेड.
फी नाही, यादीत नाही,
लिंक कुणी दिली ते मी विचारलं नाही.
इथून साधा व्हिडिओ कॉल लागत नाही.
व्याकरण लागतं.
तिकडे साडेदहा वाजून गेलेले,
उशीला टेकवलेला मोबाइल, डोळे चोळत
ती कर्ता-क्रियापद बघत नाही,
एक काळा चौकोन बघत बसते.

शेवटी संभाषणाचा सराव. जोड्या प्लॅटफॉर्म आपोआप लावतो.
मी आज हाताने लावल्या.
खोली तीन : हमदुले, आफ्रीन.
विषय : माय डेली रूटीन.
वेळ दहा मिनिटं असते. वीस केली.

मग प्रत्येक खोलीत डोकावायचं, कामच आहे ते.
एकमध्ये खरातबाई 'द'शी भांडत होत्या,
पेशंटला लावायचा की तापाला.
तीनपर्यंत कर्सर नेला
आणि उठून बादली मोरीत ओतून आले.
अर्धीच भरली होती.

परत आले तर सगळे जागेवर
आणि इकलाखचा कॅमेरा चालू.
मागे वरच्या बंकवरून लोंबणारे कुणाचे तरी पाय,
पुढे तो, केस ओले करून भांग पाडलेला.
मॅडम, एक डाउट. आय गो टू होम का चुकतं?
मार्केटला टू आहे, हॉस्पिटलला टू आहे.
मी नियम सांगणार, तेवढ्यात पोरगी खेडहून :
अब्बा, आपण तरी कुठे म्हणतो घराला जातो?
शाळेत जातो, बाजारात जातो,
पण घरी.

पंख्याचा चौकोन हसला. खरातबाईंनी लिहून घेतलं.

झोपताना अहवाल आला.
खोली तीन : बोलणं एकोणीस मिनिटं, इंग्रजी शब्द चार,
व्याकरण मोजता आलं नाही. शिक्षकांचा शेरा?
मी लिहिलं, सराव चालू आहे.
मग गुरुवार आठवला,
आणि वाक्याचा काळ पुन्हा एकदा तपासला.