नऊ चाळीस

मी शीतगृहाचा मेकॅनिक. मला कॉम्प्रेसर कळतात.
पुंता अरेनासच्या धक्क्यावर खेकडे गोठवणारी
चार जुनी धुडं माझ्या ताब्यात आहेत,
त्यातलं एक खोकलं तरी मला घरी झोपेत ऐकू येतं.
म्हणून मिलाराय म्हणाली,
मामा, माझंही मशीन बघ ना.

वरच्या खोलीत ती. बाहेर वारा,
पत्रा उचकटायला बसलेला.
पडद्यावर तिचा शिकारी गोठलेलं तळं ओलांडतोय
आणि कुठून कुठून सात माणसं बघतायत.
सात. आकडा सांगताना ती हसली नाही.
शिकारी अडखळतो. एक पाऊल, मग पाऊलच नाही,
मग तीन एकदम, उधारी फेडल्यासारखी.
आणि मग सगळंच काळं.

काय काय करून झालं होतं तिचं!
ड्रायव्हर नवा, ड्रायव्हर परत जुना,
गेम पुसून दोनदा डाउनलोड,
मेमरीच्या पट्ट्या काढून, फुंकून, पुन्हा खोचून,
पंख्याची धूळ रंगाच्या ब्रशने.
एका दुपारी सात औषधं.
रोगी बरा झाला असता
तरी कशाने, ते कळलं नसतं.

मी म्हटलं, थांब. एका वेळी एकच.
आणि अडखळणं वेगळं, कोसळणं वेगळं.
एका घरात राहतात म्हणून भाऊ नव्हेत.

अडखळणं सापडलं पहिल्याच संध्याकाळी.
ग्राफिक्स कार्ड बिचारं एकशेचाळीस फ्रेम ओढत होतं,
कुणी मागितल्या नसताना,
आणि तेच चित्र गुंडाळून दूर पाठवायचं कामही त्याच्याच माथी.
साठावर लगाम घातला.
शिकारी सरळ चालू लागला,
नवा चष्मा लागलेल्या माणसासारखा, जरा जपून.

कोसळणं राहिलं.
मशीनच्या नोंदवहीत एकच कोरडी ओळ: अनपेक्षितपणे बंद.
मी वेळा कागदावर उतरवल्या, पेन्सिलीने,
गोदामात तापमान उतरवतो तशा.
मंगळवार, नऊ एकेचाळीस. बुधवार, नऊ चाळीस.
शुक्रवार, नऊ अडतीस.
रविवारी काहीच नाही.
यंत्राला वार कळत नाहीत. वार माणसांना कळतात.

सोमवारी मी खाली स्वयंपाकघरात जाऊन बसलो.
निबाल्दो, माझा मेहुणा, तिचा बाप,
तिने नर्सिंग अर्ध्यावर सोडल्यापासून
तिच्याशी मिठापुरतं बोलणारा,
टेबलाखाली फोन धरून बसला होता. आवाज बंद.
फोनमध्ये गोठलेलं तळं.
शिकारी शेकोटीपाशी टेकला
तसा हा उठला, येर्बाची कडू पत्ती वाटीत घातली,
किटलीचं बटण दाबलं.

दिवा क्षणभर पिवळा पडला.
वर खुर्ची सरकली. एक शिवी.
फोनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं
आणि निबाल्दो त्याच्याकडे बघत राहिला,
जाळं रिकामं वर आल्यासारखा.

रविवारी त्याची रात्रपाळी असते.

मी बोललो नाही. शनिवारी जाड वायर आणली,
मीटरपासून थेट वरच्या खोलीपर्यंत ओढली,
भिंतीला भोक पाडताना बहिणीचं फुलाचं ताट फोडलं,
त्याचे बोलणे खाल्ले.
मिलारायला सांगितलं, घराचं वायरिंग जुनं.
ते खोटं नव्हतं.

काल ती तळ्यापलीकडे पोचली, पहिल्यांदाच.
तिथे म्हणे काही नव्हतं,
एक होडी फक्त, पालथी घातलेली.
खाली किटली खळखळली, बटण टक्क करून उडालं.
दिवा हलला नाही.
आठ माणसं बघत होती.
आठवा मी. मला त्यातलं काही कळत नाही.