डिकीतले गमबूट

टेरप्स्ट्रासाहेबांच्या डिकीत
कायम गमबुटांची एक जोडी.
मस्कतमध्ये!
जिथे चार वर्षांत मी वायपर चालवले ते तीनदा,
तेही धुळीसाठी.

वकिलातीत सांगत, साहेब तिकडे मंत्री होते,
पाण्याचे.
बांध फुटला, सतरा गाई बुडाल्या,
माणूस एकही नाही,
तरी निवडणुकीत पडले.
मग राजदूत.
झेंडा, खजूर, हस्तांदोलन,
करारावर सही करायला कुणा दुसऱ्याचं पेन.

संध्याकाळी मत्रहच्या धक्क्यावर
“इद्रिस, इथे,” एवढंच.
पाण्याकडे बघत राहायचे,
बोलणं तुटलेल्या व्याह्याकडे बघावं तसे.

एकदा मी म्हणालो, आमच्याकडेही खारबंधारा आहे,
दाभोळच्या खाडीत.
उधाणाला अख्खा गाव चिखल थापतो,
भांगाला झोपतो.
“भांग?”
तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून,
वहीत लिहिलं, अरबी शब्दांच्या खाली.
मग बऱ्याच वेळाने, काचेकडे तोंड करून:
“आम्हीही भांगालाच झोपलो.”

निवृत्तीच्या दिवशी विमानतळावर
हात दिला, पाठ थोपटली, गेले.
परत येऊन डिकी उघडली, तर
बूट तिथेच.
तळव्यांना अजून तिकडचा चिखल,
राखाडी, वाळलेला.

नवा साहेब सोमवारी येणार.
गाडी धुतली.
चिखल खरवडला नाही.