वीतभर जागेची फाइल

हॅल्व्हर स्टेनरूड, वकील.
काचेवरची ही अक्षरं दर सोमवारी मीच पुसते,
ते वॉशिंग्टनला गेले त्याला सोळा वर्षं झाली तरी.
खाली न्हाव्याचं दुकान, वर आम्ही:
एक टाइपरायटर, एक शेगडी,
आणि तंबाखूचं पिकदाण, जे मी पहिल्याच आठवड्यात
जिन्यावरून भिरकावलं.

फी म्हणून बटाटे यायचे, अंडी यायची.
एकदा जिवंत टर्की आली,
खटला संपेपर्यंत टेबलाखाली बांधलेली.

सगळ्यात जाड फाइल क्वाले भावांची.
ओले आणि सिगुर्ड, मध्ये तारेचं कुंपण,
आणि कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे, वीतभर जमीन.
अकरा वर्षं.
आई गेली तेव्हा शवपेटीला दोघांनी खांदा दिला,
एकमेकांकडे न बघता.
शेवटी साहेब स्वतः चिखलात उतरले,
दोरी धरली, खुंटी ठोकली. म्हणाले,
"हा बांध. आता भांडलात तर माझं मेलेलं तोंड पाहाल."
साहेबांना निवडून दिलं ते त्या खुंटीनं,
पक्षानं नव्हे. माझं आपलं मत.

मग पत्रं. आधी चार पानी, मग एकपानी,
मग दुसऱ्याच कुणी टाइप केलेली.
त्या मुलीला स्वल्पविराम कळत नव्हता.

धरणाचं बिल आलं त्या रात्री फोन वाजला.
"टिल्डा, क्वालेंची फाइल काढ.
जमीन नेमकी किती उंचीवर आहे?"
मी आकडा सांगितला.
तारेत नुसती खरखर, बराच वेळ.
आठ काउंट्यांना वीज, खालच्या गावांची पुरातून सुटका,
हे काही खोटं नव्हतं. नकाशा मीही पाहिला होता.
दुसऱ्या दिवशी एकेक नाव पुकारलं गेलं.
स्टेनरूड यायला वेळ लागतो.
ते "हो" म्हणाले.

जन्मभर लोकांचे बांध राखले माणसानं
आणि एकच बांध असा घातला
की बाकीचे सगळे त्याच्याखाली गेले.

पाणी ठरल्यावर ते आले, हॅट हातात.
भावांनी नाव काढली. न बोलता.
वल्ही सिगुर्डकडे, मी मागे, मांडीवर फाइल.
भर तळ्यात सिगुर्ड थांबला.
"इथं होती खुंटी."
ओलेनं पाण्यात पाहिलं.
"नाही. वीतभर पुढे."

कुणी हसलं नाही.
साहेबांचा हात तेवढा कोटाच्या खिशात गेला,
दोरी चाचपायला.