एकशे बेचाळीस

साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आत आत,
गाळा नंबर एकोणीस.
रविवार म्हणून शेजारचा प्लेटिंगवाला बंद,
नुसता ॲसिडचा वास तेवढा कामावर आलेला.

अन्सारभाईंनी शटर अर्धं वर केलंय.
जमिनीत दोन रोलर,
समोर लग्नाच्या हॉलमधून उचलून आणल्यासारखा पंखा,
आणि भिंतीवर माझा फळा.

क्लबात ज्याच्याकडे गाडी उरली नाही
त्याला काहीतरी काम द्यावं लागतं.
मी नाव लिहितो.
पहिला रकाना, मालक काय म्हणाला.
दुसरा रकाना, रोलर काय म्हणाले.
दोघांमध्ये एखाद्या स्कूटरचं अंतर पडतं,
कधी दोन-तीन स्कूटरचं.

हर्षिल छेडा म्हणाला, दोनशे दहा.
एकशे ब्याऐंशी.
तो म्हणाला, आज उकाडा किती आहे.
लॉयड म्हणाला, मी काहीच म्हणत नाही,
पण शूटिंगला भाच्याला उभं केलं होतं.
एकशे एकसष्ट. भाच्याने न सांगता
मोबाइल खिशात टाकला.

नवसाच्या बोकडासारखी
गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधतात.
मग चौथा गिअर, आणि पाय तळापर्यंत.
काटा एकशे साठवर जातो
आणि गाडी जागची बोटभर हलत नाही.
बाहेरून भंगाराची हातगाडी जाते,
ती आम्हा सगळ्यांच्या पुढे.

साडेबाराला आधी शिट्टी ऐकू आली.
मग लाल पोलो, मागच्या काचेवर
स्टिकर खरवडल्याचा चौकोन. मीच खरवडला होता.
मार्चमध्ये विकली.
आईचे दोन गुडघे, माझा एक टर्बो,
हिशेब जवळपास चुकता झाला.

प्राची पागधरे, राहणार वसई,
बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघते.
मी म्हटलं, थंड असताना तिसरा जरा अडतो.
म्हणाली, आता नाही अडत.
पहिल्या रकान्यात काय लिहू?
तुमच्या वेळी किती होते?
एकशे एकतीस.
मग तेच लिहा.

अन्सारभाई बॉनेटखाली वाकले, बराच वेळ.
हवा भरली, साबणाचं पाणी मारलं.
इंटरकूलरच्या खालच्या होजवर बुडबुडे,
एक बारीक, चिकाटीची ओळ,
तान्ह्या पोराच्या ओठांवर येते तशी.
चिरलेला भाग कापला, नवा क्लॅम्प आवळला.
चाळीस रुपयांचा.
हे आजचं नाही, ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.
तीन-चार वर्षं तरी झाली असतील.

तीन-चार वर्षं.
म्हणजे घोडबंदरला रात्री पाय दाबून
मी बघ, बघ म्हणायचो, तेव्हाही.
पेट्रोलला नावं ठेवली, मॅपला ठेवली,
एकदा तर अन्सारभाईंनाही.
शेजारी बसेल त्याला सांगत आलो,
हिची धाव एवढीच.
आणि खाली कुठेतरी, नखाएवढ्या फटीतून,
तिने घेतलेला श्वास बाहेर जात होता.

पट्टे. चौथा. पाय.
मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.
साडेतीन हजारापर्यंतचा आवाज पाठ होता.
पुढचा नव्हता.

एकशे बेचाळीस.

पोरं ओरडली. प्राचीने दोन्ही हात डोक्यावर घेतले.
लॉयडचा भाचा आत्ता कुठे मोबाइल काढत होता.
दुसरा रकाना आज पहिल्यांदाच
पहिल्याच्या पुढे गेलेला.
मार्कर सुकत आला होता,
दोनाचं शेपूट फिकं उमटलं,
म्हणून परत गिरवलं.
मग सगळाच आकडा परत गिरवला.

ती किल्ली पुढे करून म्हणाली, एक चक्कर मारता?
मी म्हटलं, पुढचं नाव लिहायचंय.

रांगेत कोणी नव्हतं.
पंखा मात्र कुणीतरी चालूच ठेवला होता.