बाईचा उजवा

बाईचा उजवा, पुरुषाचा डावा.
हा नियम कुणी केला, ठाऊक नाही.
मी फक्त खतं लिहितो. एका खतामागे दोन मापं भात,
दमट दिवसांत तीन, कारण शाई वाळत नाही.

तुतीचा कागद ओसरीवर अंथरला.
"बोटं फाकव," म्हटलं अनदोकला.
चारच फाकली. करंगळी मिटलेली:
लहानपणी विळा लागला, म्हणाली, तेव्हापासून उघडत नाही.
क्वोनांचा कारभारी खांबाला टेकून दात कोरत होता.
"असेल तशी काढ," म्हणाला,
"असेल तशीच घेतोय."

कुंचला अंगठ्याच्या बुडापासून निघाला.
शाईचं गार टोक बेचक्यात शिरलं
आणि तिला गुदगुल्या झाल्या.
हसली.
एवढ्या वर्षांत या कामात कुणी हसलं नव्हतं.
माझा हात हलला. मधल्या बोटापाशी
रेघ अजून वाकडी आहे.

"वाळेपर्यंत हात उचलू नकोस." मग वाचून दाखवलं:
दुष्काळाचं तिसरं वर्ष. सासऱ्याचं प्रेत
अकरा दिवस गवताखाली. किंमत तेरा न्यांग.
स्वखुशीने.
(हा शब्द मी नेहमी जरा बारीक लिहितो.)
आणि ती शेवटची ओळ, प्रत्येक खतात असते ती:
हिच्या पोटी पुढे होणारी सर्व संतती.

तिला वाचता येत नव्हतं,
म्हणून ती ओळ दोनदा वाचली.
दुसऱ्यांदा तिने हात उचलला
आणि ओल्या शाईसकट पोटावर ठेवला.
पांढऱ्या कापडावर कडा उमटली,
चार बोटं, एक मिटलेलं.
हातावर पोट असलेली माणसं
मी रोज पाहतो. पोटावर असा हात
पहिल्यांदा पाहिला.
कारभारी म्हणाला, "कागद फिसकटला का बघ."
नव्हता फिसकटला.

क्वोनांच्या माळ्यावर अशा हातांची पेटी आहे.
एकदा, घरचे सगळे पूर्वजांच्या थडग्यांवर गेले असताना,
मी ती उघडली. तळाशी, वाळवीने कुरतडलेला,
आईच्या आईचा हात.
एवढासा. मला वाटलं होतं मोठा असेल.

मी माझा उजवा त्यावर ठेवला.
नियमाने डावा ठेवायला हवा होता.
तिची रेघ पूर्ण झाकली गेली,
आणि त्याखालची
जिच्यात मी आहे, ती ओळ
उघडीच राहिली.