शेऱ्याचा रकाना

अडतीस वर्षं वॉर्ड ऑफिसात
जन्म आणि मृत्यू लिहिले मी.
नाव, वेळ, ठिकाण,
आणि शेवटी शेरा,
जो बहुधा कोराच राहायचा.
निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर
एक कोरी नोंदवही पिशवीत घातली.
विचारलं नाही कुणाला.

आता तिच्यात पक्षी लिहिते.

मिठीकाठचं हे उद्यान.
खाली शहराचा जुना कचरा, वर माती,
मातीवर करंज, शिरीष, उंबर.
पावसाने धूप झाली की अजून एखाद्या मुळाशी
आरेच्या बाटलीचं चंदेरी झाकण चमकतं
आणि साळुंकी ते उलटंपालटं करून बघते.

सेल्वन येतो नव्वद फुटी रस्त्यावरून,
वय अकरा, पायात मोठ्या भावाच्या चपला.
दुर्बीण माझी, डोळे त्याचे.
मी म्हणते खंड्या, तो म्हणतो मीनकोत्ती.
पक्षी दोघांनाही ओ देत नाही,
काळ्या पाण्याकडे बघत बसून राहतो,
साहेब जागेवर नसताना
खिडकीशी लोक बसायचे तसा.

मार्गशीर्ष, सकाळी सात-दहा.
परीट, एक. शेपटी वरखाली.
कुठल्या बर्फाळ डोंगरातून निघाला
आणि उतरला तो थेट पार्किंगच्या डांबरावर.
शेरा: घाईत.

फाल्गुनात सावर फुलते तेव्हा
सेल्वन मोजणं सोडून देतो.
बुलबुल, कोतवाल, शिंजीर, पुन्हा बुलबुल,
आणि मधोमध तोंड माखलेली एक खार,
जिला यादीत घ्यायचं की नाही यावरून
आमचं अर्धा तास भांडण.
(घेतली. पेन्सिलीने.)

मग तांबट. चैत्रभर टुक टुक टुक.
पलीकडे तेलाचे पोचलेले डबे ठोकून
सरळ करतात, तेही ह्याच लयीत.
कोण कुणाचं ऐकून शिकलं, देव जाणे.
सेल्वन म्हणतो, डब्यावाल्यांना जेवणाची सुट्टी असते,
ह्याला नाही.

श्रावणाची पानं मात्र जवळजवळ कोरी.
झाडी इतकी दाट की पक्षी नुसते ऐकायचे.
एक ओला रातबगळा. एक ओली मी.
डास लिहायचे ठरवले असते
तर दुसरी वही चोरावी लागली असती.

ह्या वर्षीचा वैशाख संपता संपता
सेल्वन चपलांचा खोका घेऊन आला.
पळत नाही, चालत.
नदीपलीकडच्या काचेच्या इमारतीत
त्याची आई, पोन्नम्मा, लाद्या पुसते.
तिला सापडला, भिंतीच्या पायथ्याशी.

नवरंग.
हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा,
शेपटीखाली कुंकू सांडावं तसं लाल.
चार वर्षं ज्याच्यासाठी पहाटे उठले
तो असा हातात, वजन
एका पोस्टकार्डाहून थोडंच जास्त.

सेल्वन समोर उभा राहिला,
खिडकीपलीकडे माणसं उभी राहायची तसा,
कागद कुठला लागतो हे ठाऊक नसलेला.

मी लिहू लागले.
नाव: नवरंग.
ठिकाण: काचेत दिसणाऱ्या झाडाखाली.
वेळेपाशी पेन अडलं.
दाखल्याशिवाय वेळ
मी कधीच लिहिली नव्हती.

"सहा," तो म्हणाला.
आई सांगते, तिरुनेलवेलीला हा पक्षी
बरोबर सहाला बोलतो, सकाळ-संध्याकाळ.
तिकडे त्याचं नावच आरुमणी कुरुवी,
सहा वाजताचा पक्षी.
म्हणजे तुमच्याच गावाहून निघाला असेल,
मी म्हटलं. तो काही बोलला नाही.

वेळ: सहा.

करंजाखाली खड्डा केला,
वीतभर खालीच प्लास्टिक लागलं,
मग थोडं बाजूला.
हात झटकून त्याने वही मागितली
आणि शेऱ्याच्या रकान्यात, रेघेबाहेर जात,
गोल गोल तमिळ अक्षरांत काहीतरी लिहिलं.

मी विचारलं नाही.
न वाचता येणाऱ्या सह्याही
मी अडतीस वर्षांत
एकदाही परत पाठवल्या नव्हत्या.