सुटीचा दिवस

इतवारी नागपूरहून साहेब येतात.
बोडीच्या पाळीवर छत्री रोवून
गळ टाकून बसतात.
मरळ लागली की फोटो काढतात
आणि पाण्यात परत सोडून देतात.

सुकरू दिघोरे बघत होता.
त्याच्या सात पिढ्यांत
हातची मरळ कुणी सोडली नव्हती.

"मंग धरता कायले जी?"
"मन रमतं रे. तू काय करतोस सुटीला?"

सुटी.
सुकरूनं शब्द दाताखाली धरून पाहिला.
"काई नाई जी."

मंडईच्या रात्री दंडारीत
तो राणी होतो,
बायकोचं हिरवं लुगडं नेसून, पार तांबडं फुटेपर्यंत.
तेव्हा जाळं खुंटीवर सुकत असतं.
पण हे साहेबाला कोण सांगणार?

सुटलेली मरळ गाळात शिरली.
सुकरूनं जागा तेवढी ध्यानात ठेवली.